बाणाच्या टोकावरून चाललेलं आपलं भांडण

गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सेक्रेटरी उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेबांना निसर्गाची अतिशय आवड होती. मुक्या प्राण्यांवर त्यांचा फार जीव होता." मी पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडू आवरतेय. मला हसू आवरत नव्हतं. सवयीनं डावीकडे बघितलं, तुम्ही ओठ दाबून बसला असाल म्हणून. डावीकडच्या खुर्चीवर आपली लेक, प्रज्ञा होती. मग मात्र खरंच रडू आलं.

तसं कुणी खोटं बोललं नाही. पाटबंधारे खात्यातली नोकरी, शांत स्वभाव, सोसायटीच्या टाकीची गळती तुम्ही शोधून दिलीत ते, सगळं आलं. फक्त माझ्या साड्यांच्या वरच्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेली पाती आहेत, हे कुणाला माहीत नव्हतं. खांद्यावरच्या त्या लांबलचक पिशवीत काय आहे, असं वॉचमननं एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही "पडद्याचा रॉड" म्हणालात. दर रविवारी हा माणूस पडद्याचा रॉड घेऊन बाहेर जातो आणि तोच रॉड घेऊन परत येतो, याचं त्याला काही वाटलं नाही. पुण्यात वाटत नाही.

हे छापून आलं तर वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. तुम्हाला ते पाठ आहे, तरी ऐका.

प्रज्ञा नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात राहते, क्वीन्सलँडच्या आतल्या बाजूला एका लहानशा गावात. तुम्ही रिटायर झालात आणि आपण पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. तिच्या कुंपणापलीकडे पीटर नावाचा शेतकरी. त्याची ज्वारी होती, आपल्यासारखीच, फक्त बुटकी आणि तांबड्या कणसांची. ज्वारी दिसल्यावर तुम्ही माहेरी आल्यासारखे खूश झालात. एका सकाळी त्यानं तुम्हाला शेताचा दुसरा कोपरा दाखवला. रानडुकरांनी तो नांगरून टाकल्यासारखा केला होता. डुक्कर तिकडचं मूळचं नाही, बाहेरून आलेलं आणि माजलेलं. आपल्याकडे शिकारीला बंदी. तिथे शेतकऱ्याच्या परवानगीनं डुक्कर मारायला मोकळीक आहे. बहुतेक लोक बंदूक वापरतात. पीटर जुन्या पद्धतीच्या लाकडी धनुष्यानं मारायचा. नव्या धनुष्यांसारखी चाकं नाहीत, दुर्बीण नाही, नुसती वाकवलेली काठी आणि दोरी. त्यानं ते तुमच्या हातात दिलं. तुम्ही दोरी कानापर्यंत ओढलीत आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आपल्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला प्रज्ञा तसंच एक धनुष्य सामानात घालून घेऊन आली. तुमच्या खांद्याला झेपेल एवढ्याच ओढीचं. सरावाला लोणी काळभोरला बाळासाहेबांचं शेत. खात्यात असताना तुम्ही त्यांच्या कालव्याच्या चारीच्या पाण्याचा घोळ निस्तरला होता, तेव्हापासूनची ओळख. उसाच्या मागे मातीचा जुना बांध होता, बाण अडवायला तोच तुमचा पडदा. स्कूटर बंद पडली की स्वारगेटहून बसनं जायचात. एकदा मीही होते. कंडक्टर पिशवीकडे बघून म्हणाला, "याचं वेगळं तिकीट लागेल, काका." तुम्ही म्हणालात, "ज्येष्ठ नागरिक आहे तो. माझ्याहून मोठा." कंडक्टर हसला नाही, पण तिकीटही मागितलं नाही.

तोवर सगळं ठीक होतं. गोल टोकाचे बाण मातीत मारणारा नवरा मला चालत होता. निम्म्या बायकांच्या नवऱ्यांना तेवढंही काम नसतं. मग एका रविवारी तुम्ही जेवताना म्हणालात, "पीटर बोलावतोय. पुढच्या वेळी शिकारीलाच ये म्हणतो." आणि त्यानंतर आपल्या घरात ब्रॉडहेड हा शब्द आला. रुंद पात्याचं, वस्तऱ्याच्या धारेचं बाणाचं टोक. कोणतं घ्यायचं, यावर तुम्ही जेवढा विचार केलात तेवढा हा फ्लॅट घेताना केला नव्हतात.

दोन पात्यांचं की तीन पात्यांचं? तीन पात्यांची जखम मोठी होते. पण ते आत शिरायला जास्त जोर मागतं, आणि तुमचं धनुष्य काही फार ताकदीचं नव्हतं. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड चामड्याची ढालच असते म्हणे. बाण तिथे अर्ध्यात अडला तर जनावर तो घेऊन झुडपात पळतं आणि पुढे किती दिवस कुढत मरतं कोण जाणे. याची तुम्हाला झोप उडवणारी भीती होती. "अर्धवट नको," तुम्ही म्हणायचात. "बाण चुकला तर चुकू दे. अर्धवट नको."

मी ऑपरेशन थिएटरची नर्स. सगळी नोकरी सर्जनच्या हातात चाकू देण्यात गेली. तुम्ही रागात नसलात की मला सिस्टर म्हणायचात.

"सिस्टर, इकडे या जरा. धारदार पात्यानं कापलं तर रक्त जास्त जातं की बोथट पात्यानं?"

मी कणीक मळत होते. विचार न करता सांगितलं, "धारदार. बोथट पातं शीर चेचतं, फाडतं. फाटलेली शीर आकसते, रक्त लवकर गोठतं. स्वच्छ कापलेली शीर उघडी राहते. दुखतंही कमी. पेशंटला कधी कधी कळतही नाही."

"म्हणजे धार महत्त्वाची. पात्यांची संख्या नंतर."

"मी पेशंटबद्दल बोलतेय," मी म्हणाले. पण तुम्ही दगड काढायला गेला होतात.

त्यानंतर माझ्या ओट्याचं जे झालं! तुम्ही ओट्यापाशी उभं राहून पातं दगडावर घासायचात, मग जुन्या चामडी पट्ट्यावर, आणि धार आली का ते बघायला डाव्या हातावरून फिरवायचात. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस राहिला नाही. तेच केस मला पोळपाटावर मिळायचे. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात तुम्ही फुल बाह्यांचा शर्ट घालून लग्नाला आलात, कारण तुमच्या बहिणीनं विचारलं असतं. भाजीच्या जुडीचे रबर तुम्ही बोटांवर ताणून कापून बघायचात. घरात एक रबर सापडेनासा झाला.

निवड शेवटी लोणीलाच झाली. गोणपाटात ओली माती भरली, त्यावर ट्रॅक्टरच्या ट्यूबची दुहेरी घडी बांधली. तीन पात्यांचा बाण जाऊन अडकला. दोन पात्यांचा पिसांपर्यंत आत गेला. बाळासाहेब चहाची किटली हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "सायब, त्यो तिपाती दिसाया झ्याक हाय, पर अडतुया. ह्यो बगा, सरळ घुसला. ह्योच घ्या." मग माझ्याकडे वळून हळूच, "ताई, पर ह्यास्नी खरंच मारायचंय व्हय?"

तोच प्रश्न माझाही होता.

आपण रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणायचो. पहिलंच शील, प्राण्याच्या हत्येपासून अलिप्त राहीन. तुमच्या वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली आणि ती पाच वाक्यं तुम्हाला चालायच्या आधी शिकवली, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्या संध्याकाळी मेणबत्ती विझवल्यावर मी विचारलं, "हे म्हणता आणि ते घासता. कसं जमतं?"

"तू रविवारी मटण खातेस. कसं जमतं?"

"मी मारत नाही."

"तेच म्हणतोय. तुझ्यासाठी दुसरा मारतो. त्याच्या सुरीला धार आहे का, हे तू कधी बघितलंस?"

"म्हणजे तुम्ही बकऱ्याच्या भल्यासाठी डुक्कर मारणार."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. तुम्ही मग म्हणालात, "सुमन, शील म्हणजे पाळल्याचं सर्टिफिकेट नाही. मी प्रयत्न करीन, एवढंच आहे त्यात."

"आणि प्रयत्न?"

"चालू आहे."

असं तुमचं. समोरच्याला चिडताही येऊ नये असं उत्तर द्यायचं आणि पंखा वाढवायचा. पण मी चिडले होते. दयेपोटी एवढी धार लावता, तर मग दया म्हणून सोडून का देत नाही, हा माझा मुद्दा होता. तुमचा मुद्दा असा, की पीटर ती डुकरं मारणारच आहे, आणि खाणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हातानं, डोळे उघडे ठेवून मारावं. नाहीतर खाऊ नये. मी म्हटलं, "करणारच असाल तर मी बघणार. डोळे उघडे ठेवायचे तर दोघांनी." तुम्हाला वाटलं मी तुम्हाला थांबवायला येतेय. मलाही तसंच वाटत होतं.

त्या शिकारीच्या सकाळबद्दल आपण पुन्हा कधी नीट बोललो नाही. म्हणून आज बोलते.

पीटरनं आपल्याला पाणवठ्याजवळच्या झुडपांमागे बसवलं. तो मागे, मी तुमच्या उजव्या हाताला, थोडी दूर. थंडी होती. पहिलं डुक्कर आलं ते समोरून, डोकं आपल्याकडे करून. समोरून बाण अर्धवट लागतो, म्हणून तुम्ही धनुष्य उचललंच नाहीत. मग एक मादी आली, मागे पिल्लांची रांग. पीटरनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवलीत. ती सावकाश पाणी पिऊन गेली. मला वाटलं, झालं, आता हे मारत नाहीत. मला इतकं हलकं वाटलं, की मी हातमोजे काढून बोटं चोळायला लागले.

तेवढ्यात तो आला. एकटा, काळा, खांद्यावर चिखल सुकलेला. पाण्यापाशी आडवा उभा राहिला आणि पुढचा पाय पुढे टाकला. तुम्ही दोरी ओढलीत. मी डुकराकडे बघत नव्हते, तुमच्या हाताकडे बघत होते. साखरेचा डबा उघडताना कापणारा तो हात त्या वेळी जराही कापला नाही.

आवाज असा झालाच नाही. कुणीतरी जाड पुस्तक मिटावं तेवढाच. डुक्कर दचकलं, कुणी चिमटा काढल्यासारखं. बाण त्याच्या पलीकडे जमिनीत उभा होता. ते पळालं, आपल्या पार्किंगच्या लांबीएवढंच असेल, मग उभं राहिलं, इकडेतिकडे बघितलं, मागच्या पायांवर बसलं आणि कलंडलं.

तुम्ही जागचे हलला नाहीत. मीच पुढे गेले. का गेले माहीत नाही, पाय गेले. पीटर मागून ओरडत होता, जवळ जाऊ नका म्हणून. मी वाकून मानेला दोन बोटं लावली. माणसाला लावतात तशी. जाड राठ केस, खाली ऊब. "गेलं," मी म्हणाले. इतक्या वर्षांत किती नातेवाइकांना हा शब्द सांगितला असेल मी. तुम्ही मागे येऊन उभे होतात. तुम्ही खाली बसलात आणि त्याच्या कानावरचा चिखल नखानं काढलात.

संध्याकाळी प्रज्ञाच्या व्हरांड्यात मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"वाटेल असं वाटलं होतं. तयारी केली होती. नाही वाटलं." मग म्हणालात, "वाईट वाटलं नाही, याचं मात्र थोडं वाटतंय."

तुम्ही रडला असतात तर मी तुम्हाला तिथेच माफ केलं असतं. तुम्ही खरं बोललात, आणि मी तुमच्याशी पुण्याला येईपर्यंत धड बोलले नाही. विमानात एअर होस्टेसनं विचारलं, "व्हेज की नॉनव्हेज?" तुम्ही व्हेज घेतलंत. मी नॉनव्हेज घेतलं, मुद्दाम. तुम्ही माझ्या ताटाकडे बघितलंत आणि काही बोलला नाहीत. ते तुमचं न बोलणं मला अजून ऐकू येतं.

घरी आल्यावर पुन्हा वंदना. मी कान देऊन ऐकत होते, पहिल्या शीलाला तुमचा आवाज खाली येतो का. आला नाही. होता तसाच, खर्जातला, शेवटच्या अक्षराला जरा लांबणारा. मला त्याचाही राग आला, आणि बरंही वाटलं. हे दोन्ही एका वेळी कसं वाटतं, ते तुम्हीच समजून घेतलं असतंत.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. पीटर ते जनावर फाडत होता तेव्हा तुम्ही बाण धुवायला गेला होतात. मी तिथेच होते. मला आत बघायचं होतं, सवय दुसरं काय. बाण दोन्ही फुप्फुसांमधून गेला होता. इकडून एक चीर, तिकडून एक चीर. कडा अशा, की टाके घालावेत आणि जुळून याव्यात. मोठमोठ्या सर्जनच्या हाताखाली मी उभी राहिले आहे, इतका स्वच्छ छेद फार कमी वेळा पाहिला. त्या जनावराला फार तर टोचल्यासारखं झालं असेल आणि मग ग्लानी आली असेल. हे तुम्हाला सांगणारी, खात्रीनं सांगू शकणारी, या जगात मी एकटीच होते. तुम्ही एकदा विचारलंतही. कपडे वाळत घालताना, सहज विचारल्यासारखं, "आत बघितलंस का गं तू?" मी म्हटलं, "चिमटे द्या." सांगितलं असतं तर माझी संमती झाली असती, असं मला वाटलं.

तुम्ही पुढच्या खेपेचं बोलायला लागला होतात. हळूहळू, माझा अंदाज घेत. आता जरा जड टोक लावून बघावं का, एकाच बाजूनं धार असलेलं पातं कसं. मी म्हटलं, "या वेळी मी येणार नाही." तुम्ही लगेच म्हणालात, "मग मीही नाही जाणार. तू नसताना मारायचं म्हणजे लपून मारल्यासारखं होईल." आणि पातं पुन्हा कापडात गुंडाळलंत. हे भांडण मी जिंकले का हरले, मला कळलं नाही. पुन्हा काढू, असं म्हणून ठेवून दिलं.

मग ती सकाळ. बाल्कनीत पेपर, चहा अर्धा. मी भाजी निवडत होते आणि पेपरचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. जे करायचं ते सगळं मी केलं. छाती दाबली, शेजाऱ्यांना हाक मारली, अँब्युलन्स येईपर्यंत थांबले नाही. त्यातल्या मुलीनं तुमच्या मानेला बोटं लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "बोलू नका. कळलंय मला."

प्रज्ञा आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिची रजा संपली, ती गेली. आता वंदना एकाच आवाजात होते. तुम्ही खर्जात म्हणायचात म्हणून मी वरच्या पट्टीत म्हणायचे. आता खाली कुणी नाही, तर माझा आवाज तिथे वर उगाच लटकल्यासारखा वाटतो. रविवारी कुकर लावताना हात आपोआप दोन वाट्या तांदूळ घेतो. दार वाजलं की मी आधी शर्टाच्या बाह्या बघते, फुल आहेत का. परवा इस्त्रीवाला होता.

बाळासाहेब येऊन गेले. उसाच्या रसाची बाटली आणि डोळ्यांत पाणी. धनुष्य आणि सरावाचे बाण मी त्यांच्याकडे दिले. त्यांनी ते दोन्ही हातांत धरले आणि म्हणाले, "ताई, बांध मी हलवत न्हाई. मी हाय तवर हाय." पाती दिली नाहीत. ती त्यांना कशाला? कुणाला कशाला? डबा आहे तिथेच आहे.

काल दुपारी प्रज्ञाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं विचारलं, "आई, त्या ट्रिपनंतर तू आणि बाबा नेमके कशावरून भांडत होतात? मला तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही."

मी सांगायला लागले. आधी माझं सांगितलं, पटकन झालं. मग तुमचं सांगायला घेतलं आणि थांबताच येईना. ती मादी जाऊ दिलीत ते, अर्धवट नको म्हणायचात ते, ओटा, दगड, हातावरचे केस, ट्यूब बांधलेलं गोणपाट. आणि मग ते सांगितलं, जे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आतली चीर कशी होती ते. "पातं त्यांनी बरोबर निवडलं होतं," मी तिला म्हणाले. हे वाक्य तोंडातून गेलं, आणि गेलं ते भलत्याच माणसाकडे.

प्रज्ञा म्हणाली, "पण आई, कितीही धार लावली तरी मारणं ते मारणंच ना? एवढी दया होती तर सोडून द्यायचं."

हुबेहूब माझं वाक्य. आणि मी तिच्यावर अशी तडकले म्हणून सांगू! "तुला काय माहीत? एका जनावराला त्रास होऊ नये म्हणून माणसानं काय काय केलं, तू बघितलंस? ताटात आलेलं खाणं सोपं असतं. तुझ्यासाठी कोण सुरी चालवतं, ते एकदा जाऊन बघ, आणि मग बाबांना शिकव." पोरगी बावचळली. "सॉरी," म्हणाली, "मी आपलं तुझ्याच बाजूनं बोलत होते."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. या भांडणातली तुमची जागा रिकामी दिसली म्हणून मी उठून तिकडे गेले होते. आता माझ्या जागेवर कोणी नाही.